दिसणारा टॅटू आणि लोकांचे अंदाज: नोकरी, भरती आणि लग्नाच्या बोलण्यांत काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी, वय 25, वाणिज्य शाखेची पदवी, खाजगी बँकेत आणि दोन-तीन कंपन्यांत मुलाखती चालू. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला उडणाऱ्या पाखरांची नक्षी आणि मानेमागे कमळ. धाकटा भाऊ सैन्य आणि केंद्रीय दलांच्या भरतीची तयारी करतोय, त्याच्या उजव्या हातावर कोपराखाली ‘आई’ गोंदलेलं आहे. घरात लग्नाचा विषय निघाला की मावशी म्हणते, “आधी ते अंगावरचं घालवा.” काढून टाकावं का? आणि लोक टॅटू बघून एवढे अंदाज का बांधतात?

आधी दोघांचे प्रश्न वेगळे करू. भावासमोर छापलेला नियम आहे आणि तुमच्यासमोर लोकांचं मत आहे. नियमात बसतो की नाही हे पट्टी घेऊन मोजता येतं. मत मोजता येत नाही, पण ते कुठून येतं आणि कुणाच्या मताने आपलं काम अडतं हे कळलं तर अर्धी काळजी कमी होते. बहुतेक लोक याच्या उलट वागतात. मावशीच्या बोलण्याने रात्रभर झोप लागत नाही आणि भरतीची जाहिरात मात्र वैद्यकीय तपासणीच्या आदल्या दिवशी उघडून बघतात.

अंदाज का बांधले जातात, तेवढं आधी पाहू. आपल्याकडे अंगावर गोंदणं नवीन नाही. कपाळावर, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस, गोपद्म, रामाचं किंवा नवऱ्याचं नाव हे आपल्या पणजी-आजीच्या पिढीच्या बायांच्या हातांवर सर्रास दिसायचं. जत्रेत किंवा दारावर गोंदणारीण यायची, दिव्याची काजळी कालवायची आणि दोन-तीन सुया एकत्र बांधून टोचायची. मेल्यावर सोनं-नाणं इथेच राहतं, सोबत येतं ते गोंदण, असं त्या बाया सांगायच्या. (ते गोंदण हिरवट दिसतं म्हणून हिरवी शाई वापरत असतील असं वाटतं. मूळ काजळी काळीच असते. कातडीच्या आत खोल बसलेला काळा रंग वरून निळसर-हिरवट दिसतो. आजची काळी शाईही वीस-पंचवीस वर्षांत तशीच दिसायला लागते.)

म्हणजे गोंदण संस्कृतीच्या बाहेरचं, हे म्हणणं टिकत नाही. तरीही त्याच गोंदणावरून आजीला शहरातल्या काउंटरवर “ए म्हातारे” ऐकावं लागतं, कारण हिरवं गोंदण म्हणजे खेड्यातली, न शिकलेली असा हिशेब लावला जातो. नातीच्या मनगटावरची पाखरं बघून तेच लोक म्हणतात, फार शिकली, हाताबाहेर गेली. एकाच प्रकारच्या खुणेचे दोन उलटे अर्थ निघतात. लोक शाई वाचत नाहीत, शाईच्या मागची बाई, तिचं वय आणि तिचा वर्ग वाचतात. क्रिकेटपटूच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं असलं तर ती स्टाइल. रिक्षाचालकाच्या हातावर तेवढंच असलं तर तो टपोरी. आयटीतल्या मुलाने दंडावर राजमुद्रा काढली तर अभिमान, आणि मुलीने खांद्यावर तीच काढली तर दहा जण विचारतात की खांदा उघडा ठेवायचाय का.

दुसरं मूळ जास्त कडवट आहे. अंगावरची खूण हा बराच काळ सरकारी शिक्षेचा भाग होता. इंग्रजांच्या काळात बंगाल आणि मद्रास इलाख्यांत खोटी साक्ष, खोटे दस्तऐवज अशा गुन्ह्यांसाठी कैद्याच्या कपाळावर गुन्हा गोंदायचे. ‘गोदना’ असं त्या शिक्षेचं नावच होतं. बंगालमध्ये 1797 पासून चाललेली ही पद्धत 1849 मध्ये बंद झाली. पण डाग कायद्यातून गेला तरी डोक्यातून जायला वेळ लागतो. 1993 मध्ये अमृतसरला पोलिसांनी काही बायकांच्या कपाळावर ‘जेबकतरी’ असं गोंदवलं, आणि त्या पोलिसांना शिक्षा व्हायला 2016 साल उजाडलं. अंगावर शाई दिसली की “काहीतरी केलं असेल” ही शंका फार जुन्या वाटेने येते. सिनेमातल्या गुंडाच्या मानेवर विंचू काढायची सवय त्या वाटेवरची शेवटची पाटी आहे, एवढंच.

आता भावाचं काम. हे आधी, कारण इथे चूक झाली तर वर्ष वाया जातं.

भारतीय सैन्याच्या भरतीत कायमचा टॅटू फक्त दोन जागी चालतो: हाताच्या पुढच्या भागाची आतली बाजू, म्हणजे कोपराच्या आतल्या वळापासून मनगटापर्यंत, आणि पंजाची वरची, म्हणजे तळव्याच्या उलटी बाजू. दंड, खांदा, छाती, पाठ, मान, पोटरी यांपैकी कुठेही असला तर उमेदवार बाद होऊ शकतो. आदिवासी समाजातल्या उमेदवारांना त्यांच्या परंपरेतल्या गोंदणासाठी सूट आहे, पण ती प्रत्येकाचं पाहून ठरवतात.

सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ अशा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या जाहिरातीत नियम थोडा वेगळा लिहिलेला असतो, आणि मुलं फसतात ती इथेच. तिथे तीन गोष्टी बघतात. मजकूर: नाव किंवा धार्मिक आकृती चालते. जागा: हाताची आतली बाजू, पण फक्त डाव्या हाताची, कारण उजव्या हाताने सलामी देतात, किंवा पंजाची वरची बाजू. आकार: शरीराच्या त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी.

हे भावाच्या हातावर लावून बघा. ‘आई’ उजव्या हाताच्या आतल्या बाजूला असेल तर सैन्याच्या लेखी नियमात ते बसतं, केंद्रीय दलांच्या नियमात बसत नाही. बाहेरच्या, म्हणजे केसांच्या बाजूला असेल तर दोन्हीकडे अडचण. ‘कोपराखाली’ एवढं सांगून भागत नाही. हात पुढे करून तळवा आभाळाकडे करायचा; तेव्हा समोर जे दिसतं ती आतली बाजू. अक्षरं कडेला वळून बाहेरच्या बाजूवर जात असतील तर तपासणारा डॉक्टर ते बाहेरचं धरू शकतो. आकारासाठी कापडी टेप घ्या. कोपर ते मनगट लांबी मोजा, मधल्या जागेचा घेर मोजा, दोन्हींचा गुणाकार करा. टॅटूची लांबी गुणिले रुंदी त्या आकड्याच्या पाव भागाच्या चांगलीच आत हवी. चार-पाच सेंटिमीटरचं ‘आई’ सहज आत बसतं. मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून चढलेली रुंद वेल बसत नाही.

नौदल, हवाई दल आणि राज्य पोलीस यांचे नियम आपापले असतात आणि जाहिरातीगणिक बदलतात. मैदानावरच्या मित्राने सांगितलेला नियम धरू नका. त्या वर्षीच्या जाहिरातीतला वैद्यकीय निकषांचा परिच्छेद छापून घ्या आणि ‘टॅटू’ शब्दाखाली रेघ मारा.

वैद्यकीय तपासणीत बाद ठरवलं तर केंद्रीय दलांत पुनर्तपासणीची तरतूद असते. तिथे जाताना टॅटूचा फोटो, मोजमाप आणि काढायला सुरुवात केली असेल तर त्वचारोगतज्ज्ञाची नोंद असलेली कागदपत्रं सोबत ठेवायची. न्यायालयांनीही या बाबतीत सरसकट ताठर भूमिका घेतलेली नाही. उजव्या हातावरच्या धार्मिक टॅटूवरून सीआयएसएफमध्ये बाद ठरवलेल्या सोलापूरच्या एका तरुणाला मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिलासा दिला होता. दिल्ली उच्च न्यायालयानेही काही उमेदवारांना टॅटू काढून पुन्हा तपासणीला उभं राहण्याची संधी दिली आहे. पण निकालाच्या भरवशावर फॉर्म भरू नये. वकिलाच्या चकरांत वयोमर्यादा निघून जाते.

काढायचाच असेल तर वेळेचा हिशेब आधी. काळ्या शाईसाठी सर्वसाधारण 6 ते 10 लेझर सेशन धरा, दोन सेशनमध्ये 6 ते 8 आठवडे. आठ सेशन म्हणजे सात मोकळे काळ, म्हणजे 42 ते 56 आठवडे. भरती चार महिन्यांवर आली असताना सुरू केलं तर तपासणीच्या दिवशी अर्धवट पुसट टॅटू आणि त्यावर ताजी लालसर कातडी, असं दोन्ही दिसेल. मेडिकलवाल्यांना ताजी जखमही आवडत नाही. म्हणून भावाने आधी ठरवावं की सैन्य पहिलं की केंद्रीय दल. फक्त सैन्याकडे जायचं असेल आणि टॅटू नीट आतल्या बाजूला असेल तर हात लावायची गरज नाही.

लेझरबद्दल आणखी, कारण इथे फसवणूक फार होते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग (लेझरचा एक प्रकार) लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित असतो, कारण तो वरच्या थरातल्या नैसर्गिक रंगाला कमी धक्का लावून खोलवर जातो. काळी आणि गडद निळी शाई त्याने चांगली उतरते. लाल शाईला 532 नॅनोमीटर लागतं, आणि सावळ्या कातडीवर त्याने पांढरे किंवा काळे डाग पडायची भीती जास्त. हिरवा आणि आकाशी रंग हट्टी असतात. पांढरी किंवा कातडीच्या रंगाची शाई लेझरखाली उलट काळी पडू शकते. तुमच्या कमळात पांढऱ्या शाईचे हायलाइट असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. टॅटूच्या एका कोपऱ्यात एक-दोन शॉट मारून किमान चार आठवडे थांबून निकाल बघायचा, मगच पूर्ण टॅटूवर सुरुवात. हे न करता “तीन सेशनमध्ये पूर्ण साफ” म्हणणाऱ्या पार्लरमधून उठून या. मशीन कोण चालवणार हेही विचारा. उत्तर ‘त्वचारोगतज्ज्ञ’ असायला हवं.

घरगुती उपायांचं तर बोलायलाच नको. चुना, बिब्बा, अॅसिड, मीठ लावून घासणं, यातलं काहीही शाई काढत नाही, कातडी जाळतं. शाई कातडीत एक ते दोन मिलिमीटर खोल बसलेली असते. तिथपर्यंत क्रीम पोहोचत नाही, आणि जे पोहोचतं ते व्रण ठेवूनच पोहोचतं. खांद्यावर आणि छातीवर तर असे व्रण फुगून गाठीसारखे वाढू शकतात. टॅटू बघून जो अंदाज बांधला जायचा, त्याहून वाईट अंदाज भाजलेल्या डागावरून बांधला जातो.

आता तुमच्याकडे येऊ.

बँक आणि कंपन्यांत बहुतेक ठिकाणी टॅटूवर लेखी बंदी नसते. जिथे गणवेश आहे आणि गिऱ्हाईक समोर आहे तिथे मात्र असते. बहुतेक विमानकंपन्यांत केबिन क्रूला गणवेशात टॅटू दिसलेला चालत नाही, मोठ्या हॉटेलांत रिसेप्शनवरही बहुधा हाच प्रकार. बँकेत शाखेत बसणाऱ्या आणि मागे कामकाज बघणाऱ्या माणसाला लावलेली पट्टी वेगळी असते, हे कुणी लिहून देत नाही. शाखाधिकारी विचार करतो तो असा: पेन्शनवाले आजोबा काउंटरवर येतील, त्यांना ही मुलगी विश्वासाची वाटेल का? त्याचं स्वतःचं मत काहीही असो, तो आजोबांचं मत गृहीत धरून निर्णय घेतो. खरं तर आजोबांच्या बायकोच्या हातावर तुळस असण्याची शक्यता भरपूर, पण मुलाखतीच्या टेबलावर हा वाद घालून उपयोग नाही.

तुमच्या दोन टॅटूंपैकी अडचणीचा कमळाचा आहे. मनगट तुमच्या ताब्यात असतं. रुंद पट्ट्याचं घड्याळ, पूर्ण बाह्यांचा कुर्ता किंवा शर्ट, आणि आतली बाजू बहुतेक वेळ टेबलाकडेच असते. मान तुमच्या मागे असते. ती कोण, कधी, कुठल्या उजेडात बघतंय ते तुम्हाला कळत नाही. म्हणून मान, पंजा आणि चेहरा या जागांवरून सगळ्यात जास्त अंदाज बांधले जातात. ज्यांनी अजून काढलेला नाही त्यांना एकच सांगणं: पहिला टॅटू या तीन जागी नको, आणि पहिली नोकरी पक्की होईपर्यंत तर नकोच. चांगला आर्टिस्ट अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या पंजावर किंवा गळ्यावर काम करायला स्वतःहून नकार देतो. जो विचारपूस न करता सुई लावतो, त्याच्याकडे बाकीचीही काळजी कमीच असते.

मुलाखतीपुरतं झाकायचं असेल तर बंद गळ्याचा कुर्ता किंवा कॉलरचा शर्ट घालून केसांचा खाली, मानेच्या मुळाशी अंबाडा. वर बांधलेल्या पोनीटेलने कमळ उघडं पडतं. मेकअपने झाकायचं असेल तर क्रम पाळायला हवा, नाहीतर राखाडी थर दिसतो आणि कॉलर माखते. टॅटू ताजा असेल, चार आठवड्यांच्या आतला, तर मेकअप लावायचाच नाही. जुन्यावर असं करा:

कातडी धुऊन कोरडी करा, तेलकट मॉइश्चरायझर लावू नका. काळी शाई आपल्या कातडीखाली निळसर दिसते, म्हणून आधी नारिंगी करेक्टर, स्पंजने टिपून, घासून नाही. कातडी उजळ असेल तर पीच रंग पुरतो. दोन-तीन मिनिटं वाळू द्या. मग कातडीच्या रंगाच्या जाड कन्सीलरचे दोन पातळ थर, टॅटूच्या कडेपासून बोटभर बाहेरपर्यंत विरळ करत न्यायचे. एकच जाड थर दिला की त्याला भेगा पडतात. वरून सैल पावडर दाबून बसवा, सेटिंग स्प्रे मारा, आणि पंधरा मिनिटं कपडा लागू देऊ नका. आदल्या दिवशी एकदा करून खिडकीच्या उजेडात आणि फ्लॅश मारून, असे दोन फोटो काढा. फ्लॅशमध्ये पांढरट पट्टा दिसत असेल तर पावडर जास्त झाली. मुंबईच्या लोकलने जाणार असाल तर मेकअप विसरा, कॉलर बरी.

भावाने मात्र वैद्यकीय तपासणीला हे करायचं नाही. स्पिरिटचा एक बोळा फिरला की सगळं उघड होतं, आणि मग विषय टॅटूचा राहत नाही, लपवाछपवीचा होतो.

झाकणं म्हणजे खोटेपणा का, असं पुष्कळ जण विचारतात. माझं मत: पहिल्या फेरीत झाकणं म्हणजे इस्त्रीचा शर्ट घालण्यासारखंच आहे. पण हातात ऑफर आली की एचआरला सरळ एक ओळ लिहावी: “माझ्या मनगटावर आणि मानेमागे छोटे टॅटू आहेत, ड्रेस कोडमध्ये त्याबद्दल काही नियम आहे का?” उत्तर लेखी येतं. पुढे एखाद्या साहेबाने टोमणा मारला तर ते उत्तर कामी येतं. तोंडी विचारलं तर “नाही हो, काही प्रॉब्लेम नाही” एवढंच मिळतं आणि ते सांगणारा सहा महिन्यांत दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

मजकुराबद्दल एक गोष्ट सहसा कुणी स्पष्ट बोलत नाही. महाराष्ट्रात टॅटूवर नाव, घोषणा, झेंडा किंवा जातीची खूण असेल तर समोरचा दोन सेकंदांत समाज ओळखतो. मुलाखत घेणारा मग “टॅटू आवडला नाही” म्हणतो, पण त्याला नेमकं काय आवडलं नाही हे दोघांनाही कळलेलं असतं. ज्याला ती खूण अभिमानाने मिरवायची आहे त्याने जरूर मिरवावी. मात्र पुढे नकार आला तर शाईबद्दलची तक्रार कुठली आणि जातीबद्दलची कुठली, हे ओळखता आलं पाहिजे. पहिलीवर वरचा कुर्ता पुरतो. दुसरीवर कुर्ता हा उपाय नाही, आणि तिला टॅटूचा प्रश्न म्हणून गुंडाळूही नये.

देवाच्या आकृतींचंही तसंच. कमरेखाली, विशेषतः पोटरीवर किंवा पावलावर देव काढला की माणसं खरोखर भडकतात. 2015 मध्ये बंगळुरूत एका ऑस्ट्रेलियन तरुणाला पायावरच्या यल्लम्मा देवीच्या टॅटूवरून जमावाने घेरलं होतं. इथे वाद जिंकण्यात अर्थ नाही. जागा बदलता येत नाही, म्हणून आधीच ती टाळायची.

आता लग्न. मावशीच्या बोलण्यात दोन भीती मिसळलेल्या असतात. एक, “मुलगी वळणाची नाही” असं लोक म्हणतील. दुसरी, आजारांची. दुसरीला सरळ उत्तर आहे. सुई प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी नसेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका खरा आहे. जत्रेत एकाच मशीनने ओळीने वीस जणांच्या हातावर नावं काढतात तिथे तो धोका सगळ्यात मोठा. बंद पाकिटातली एकदाच वापरायची सुई, शाईची छोटी वाटी तुमच्यासमोर भरलेली, नवे हातमोजे, हे असेल तर धोका फार कमी होतो. समोरच्या घरच्यांना शंका असेल तर तीन तपासण्या, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीसाठी), अँटी-एचसीव्ही (सीसाठी) आणि एचआयव्ही, दोघांनीही करून घ्याव्यात. फक्त मुलीने कराव्यात ही मागणी आली तर स्थळाबद्दल बरीच माहिती तिथेच मिळाली. टॅटू असला की रक्तदान कायमचं बंद, हेही खरं नाही: आपल्याकडे टॅटू काढल्यानंतर 12 महिने थांबायचं, मग इतरांसारखंच. बाळंतपणात पाठीत भुलीचं इंजेक्शन देत नाहीत, हीसुद्धा पसरलेली गोष्ट आहे. तुमचा टॅटू मानेमागे आहे, ते इंजेक्शन कमरेत देतात. कमरेवर शाई असली तरी डॉक्टर शाई नसलेली जागा शोधतात. टॅटू आहे म्हणून भूल नाकारायचं कारण नसतं.

पहिल्या भीतीला पुरावा देऊन उपयोग नाही, कारण ती टॅटूबद्दल नसतेच. मुलाच्या दंडावर अख्खा महादेव असतो आणि त्याची आई मुलीच्या मनगटावरच्या चार पाखरांवरून तोंड वाकडं करते. त्यांना त्यात एवढंच दिसतं की या मुलीने घरच्यांना न विचारता स्वतःच्या अंगाबद्दल निर्णय घेतला. बरोबरच दिसतं म्हणा.

व्यवहारात असं करा. बायोडेटातला फोटो मुद्दाम टॅटू लपवणारा नको, मुद्दाम दाखवणाराही नको. कांदेपोह्यांच्या आधी, फोनवर, घरातल्या मोठ्या माणसाने एका वाक्यात सांगून टाकावं: “आमच्या मुलीच्या मनगटावर आणि मानेमागे गोंदलेलं आहे, म्हटलं आधीच कानावर घालावं.” ‘टॅटू’पेक्षा ‘गोंदलेलं’ हा शब्द इथे जास्त काम करतो, पलीकडच्या आजीला लगेच आपलं काहीतरी आठवतं. बैठकीत कळलं तर त्याचा तमाशा होतो, आधी कळलं तर ती नुसती माहिती असते. ज्यांना नकोच असेल ते येणार नाहीत, तुमचे पोहे वाचतील. सांगताना सफाई द्यायची नाही. “कॉलेजमध्ये चूक झाली, काढणार आहोत” असं वडील बोलून गेले तर ते लग्नानंतर तुमच्या नावावर वचन म्हणून चढतं.

जुन्या मित्राचं नाव गोंदलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्याबाबतीत ते नाही, पण हा प्रश्न नेहमी येतो म्हणून सांगतो. ते मोठ्यांनी फोनवर सांगायचं नाही. मुलामुलीने एकमेकांना, एकट्यात, ठरायच्या आधी सांगायचं. आणि त्यावर कव्हर-अप, म्हणजे जुनं झाकणारा नवा टॅटू, करायचा तर नवं चित्र जुन्याच्या दुप्पट-तिप्पट मोठं आणि जास्त गडद होतं, हे लक्षात ठेवूनच. मनगटावरचं पाच अक्षरांचं नाव झाकायला निम्मा हात काळा करण्यापेक्षा दोन-तीन लेझर सेशनमध्ये ते पुसट करून मग छोटं चित्र काढणं शहाणपणाचं.

रोजच्या टोमण्यांचं काय? “हे कशाला काढलंस?” या प्रश्नाला लांब उत्तर दिलं की प्रश्न वाढतात. छोटं, खरं, आणि पुढे काही विचारायला जागा न ठेवणारं उत्तर हवं. “पाखरं आवडतात मावशी, आजीच्या हातावर तुळस होती तशी माझ्या हातावर ही.” मग पोह्यांत लिंबू पिळायला मागा. नोकरीत सहकाऱ्याने हात धरून वळवून बघितला तर मात्र हसून सोडू नका. “विचारलं तर दाखवते, हात धरू नका” असं तिथल्या तिथे. अनोळखी लोकांना टॅटू दिसला की अंगाला हात लावायचा परवाना मिळाल्यासारखं वाटतं, आणि बायांना हे जास्त सोसावं लागतं. ती गोष्ट मताच्या पलीकडची आहे, तक्रार करण्यासारखी.

तुमचं काढायचं की ठेवायचं? मी तुमच्या जागी मनगटाला हात लावला नसता. कमळाबद्दल सहा महिने थांबा. तीन-चार मुलाखती झाकून द्या, एचआरचं लेखी उत्तर बघा, आणि गिऱ्हाइकासमोरचीच नोकरी हवी असं नक्की झालं तरच लेझरचा विचार. तोपर्यंत त्यावर कडा वाढवणं किंवा टच-अप करणं टाळा, कारण नवी शाई म्हणजे आणखी सेशन. लेझर ठरलंच तर त्याआधीचे चार आठवडे मानेवर ऊन लागू देऊ नका, स्कूटीवर ओढणी किंवा कॉलर, आणि रोज सनस्क्रीन. रापलेल्या कातडीवर शॉट मारले की कमळ जातं आणि त्याच्या आकाराचा पांढरा डाग राहू शकतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, ते तारीख पुढे ढकलू शकतात.

भावाला सांगा, आज संध्याकाळी तळवा वर करून हाताचा एक फोटो काढ, आणि शेजारी टेप ठेव.